मुरलेला डोळा

आमच्या टूलरूममध्ये कुणाच्या डोळ्यात कण गेला, की तो माणूस फर्स्ट एडच्या खोलीत जायचा नाही, माझ्याकडे यायचा. ती खोली पार गेटजवळ. तिथे गेलं की आधी रजिस्टरमध्ये नाव, मग सेफ्टीवाल्या साहेबांचे प्रश्न, गॉगल कुठे होता, घातला का नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होताना सगळ्यांना उभं करून भाषण. त्यापेक्षा मी परवडायचो. माझं मशीन खिडकीपाशी, उजेडाला कमी नाही. आलेल्याला स्टुलावर बसवायचं, मान मागे करायला लावायची, वरची पापणी काडेपेटीच्या काडीवर उलटवायची आणि रुमालाचं टोक पिळून, पाण्याच्या बाटलीत बुडवून, कण अलगद टिपायचा. हात थरथरता कामा नये, एवढीच काय ती विद्या. सव्वीस वर्षांत असे किती कण काढले ते मी मोजले नाहीत. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी आहे तिथे गाड्यांचे पत्रे दाबायचे साचे बनतात. साचा तयार होत आला की त्याच्या भागांवर शेवटचा हात फिरवणारा मी. फिरत्या दगडाने लोखंडावरून केसापेक्षा पातळ थर काढायचा, हे ग्राइंडरवाल्याचं काम. ठिणगी कशी उडते आणि दगड कसा वाजतो, यावरून किती कापलं जातंय ते कळतं. मोजायचा मायक्रोमीटर नंतर नुसता होकार देतो. हे सगळं मी उजव्या डोळ्यावर केलं. मोजताना मी डावा डोळा मिटतो, ती जुनी खोड आहे आणि ती आता या वयात जायची नाही.

आमच्या धंद्यातली एक समजूत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. नवा माणूस ग्राइंडरवर आला की वर्षभर त्याचे डोळे गळत असतात. धूळ उडाली की पाणी, कण गेला की लालभडक. मग हळूहळू ते कमी होतं. जुने फिटर म्हणायचे, डोळा मुरतो. लोणचं मुरतं तसा डोळाही मुरतो, आणि मुरलेल्या डोळ्याला कण टोचत नाही. मला हे माझ्या उस्तादांनी सांगितलं, मी माझ्या हाताखालच्यांना सांगितलं. "रडू नको रे, मुरू दे डोळा," असं मी कितीजणांना म्हटलं असेन. गेली सहा-सात वर्षं तर या समजुतीचा पुरावा म्हणून लोक माझ्याकडेच बोट दाखवायचे. माझ्या डोळ्यात कण गेला तर मला पत्ता नसायचा. संध्याकाळी घरी तोंड धुताना पापणीच्या कडेला काळा ठिपका निघायचा, तो मी मोठ्या कौतुकाने बायकोला दाखवायचो.

गॉगल माझ्या गळ्यात असायचा. दगड गार ठेवायला सोडलेल्या कूलंटचे शिंतोडे उडून काच धूसर होते आणि काम दिसत नाही, ही तक्रार खरी आहे, पण माझं कारण ते नव्हतं. मुरलेल्या डोळ्याला गॉगल कशाला, असं मला वाटायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनं धुऊन-पुसून त्यांची पूजा होते आणि दुपारचं जेवण डिपार्टमेंटमधली माणसं स्वतः रांधतात. साठ माणसांचा मसालेभात आणि रस्सा म्हटल्यावर कांदा आलाच, आणि चाकणला कांद्याचा काय तोटा. बाजारातून अर्धं पोतं यायचं. बाकीचे दोन-चार कांदे चिरले की नाक ओढत उठायचे. मी पोतं संपेपर्यंत बसल्या जागचा हलायचो नाही. शेजारच्या मिलिंग मशीनवरचा माझा मित्र, दापोडीचा, माझ्याइतकाच जुना, दरवर्षी माझ्यासमोर उकिडवा बसून माझ्या डोळ्यांकडे बघत राहायचा. "टिपूस नाही, राव," तो सगळ्यांना सांगायचा. "हा माणूस नाही, लोखंड आहे." घरीसुद्धा कांदा चिरायचं काम माझ्याकडेच आलं होतं. बायको म्हणायची, या माणसाच्या डोळ्यात पाणीच नाही. आई गेली तेव्हा मी ढसाढसा रडलो होतो, ते हिने स्वतः पाहिलं होतं, पण ते ती धरायची नाही.

मला साखर आहे. अकरा वर्षं झाली. भोसरीहून सुटणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये सकाळी ज्या गप्पा चालतात त्यात साखरेचा नंबर वरचा. कुणाची किती आली, कुणाला कुठला काढा लागू पडला. गोळ्या मी घ्यायचो, म्हणजे आठवल्या तर. इन्सुलिन सुरू करू या, असं डॉक्टर दोन वर्षं सांगत होते आणि मी दोन वर्षं पुढच्या महिन्यात म्हणत होतो. तसा मी अगदीच अडाणी नव्हतो. कंपनीत एकदा शिबिर झालं, तिथे सांगितलं होतं की साखरेने पाय बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही, तेव्हा रोज तळपाय बघत जा. मी बघायचो. साखर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उतरते, हेही तिथेच कळलं होतं. तो पडदाही मी तपासून घेतला होता. स्वच्छ निघाला, आणि त्याचा कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवला. माझ्या लेखी डोळ्याचा विषय तिथे संपला होता.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, तोच आमचा रविवार. मी गॅलरीत उन्हात पेपर वाचत बसलो होतो. बायको गुरुवारची पूजा आटोपून माझा चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच थांबली.

"अहो, इकडं बघा बरं जरा. तुमच्या डोळ्यात, काळ्यावर, काहीतरी दिसायलंय."

"काही नाही. दुखंना मला."

"दुखंना म्हणून काय झालं? लाल बी झालाय की."

आम्ही मूळचे लातूरकडचे. इथे येऊन तीस वर्षं होत आली तरी आमचं दुखंना आणि दिसायलंय काही गेलं नाही.

मी दाढीचा आरसा घेऊन उजेडात धरला. उजव्या बुबुळावर, मधल्या ठिपक्याच्या जरा बाजूला, खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढा कण बसला होता आणि त्याच्याभोवती तांबूस कडं. कण गंजला होता. म्हणजे तीन-चार दिवस तरी तो तिथे मुक्कामाला असणार, एवढं मला अनुभवाने कळलं. यावर दुसरा कुणी घाबरला असता. मला हसू आलं. लोकांचे काढतो, आज घरचंच गिऱ्हाईक, असं म्हणून मी आरसा खिडकीच्या गजाला टांगला, धुतलेला रुमाल आणला, टोक पिळून ओलं केलं आणि डाव्या हाताने पापणी वर धरून कामाला लागलो.

दुसऱ्याचा कण काढताना त्याचं डोकं मागून धरायला एक माणूस लागतो. रुमाल जवळ आला की मान झटक्याने मागे जाते, डोळा गच्च मिटतो, शिव्या येतात. इथे तसलं काही नाही. कण रुतून बसला होता म्हणून मी चांगली दहा मिनिटं रुमालाचं टोक बुबुळावर घासत होतो आणि माझी पापणी लवत नव्हती. मी बायकोला हाक मारली, म्हटलं ये, बघ, याला म्हणतात मुरलेला डोळा. ती दारापर्यंत आली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

"बघवंना मला," ती म्हणाली.

कण निघाला. तो मी पेपरच्या कोऱ्या कडेवर टेकवून तिला दाखवला. तांबूस डाग तेवढा राहिला होता, तो काय, आपोआप जाईल, असं म्हणून मी निवलेला चहा प्यालो आणि पुन्हा पेपर उघडला.

शुक्रवारी कामावर गेलो. शनिवारी मायक्रोमीटरवरच्या रेघा एकीच्या दोन दिसायला लागल्या. मोजताना लावायच्या चष्म्याची काच पुसली, मायक्रोमीटर पुसला, पुन्हा चष्मा पुसला. दुपारी एका साच्याचा भाग माझ्या हातून मिलिमीटरचे तीन शतांश जास्त कापला गेला. लोखंड कापलं की कापलं, परत चिकटवता येत नाही. त्या तुकड्यावर चारजणांचं आठवड्याचं काम झालेलं होतं. मशीन बंद करून मी नुसता उभा राहिलो. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

मित्र आला. "काय झालं, राव?"

"दगड सैल झाला असेल."

त्याने दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा दंड धरून मला खिडकीपाशी नेलं आणि माझ्याच स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर तो स्वतः अनेकदा बसला होता, मी कधीच नाही. त्याने माझी मान मागे केली आणि वाकून बघितलं. मला वाटलं आता काहीतरी टोमणा येणार.

"पांढरं झालंय रे आत," तो म्हणाला. मग म्हणाला, "लोकांच्या डोळ्यातली कुसळं काढत बसलास..." आणि पुढचं त्याने सोडून दिलं. ती म्हण कुणाला ठाऊक नाही? गेटपास त्यानेच आणला, गाडीवर मागे बसवून त्यानेच मला पिंपरीत डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बायकोला फोन केला, ती पडद्याचा तो कागद घेऊन तिकडेच आली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. हनुवटी इथे टेकवा, कपाळ तिथे, असं करत त्यांनी निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं. मग दिवा बंद करून त्यांनी कापसाचा एक बोळा घेतला आणि त्यातून एक तंतू ओढून काढला.

"काका, समोर भिंतीकडे बघा. मी सांगेपर्यंत हलू नका."

मी बघत राहिलो. भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं. ते बघून झालं तरी काही होईना, तेव्हा मी म्हटलं, "लावा की, मॅडम."

"लावला, काका. तीनदा लावला."

मी वळून बायकोकडे बघितलं. तिने स्वतःचे दोन्ही डोळे तळव्यांनी झाकून घेतले होते. तिला लांबून बघूनच कसंतरी झालं होतं, आणि ज्याच्या डोळ्याला कापूस लागला त्याला खबर नव्हती. मग डाव्या डोळ्याला लावला तेव्हा मात्र काहीतरी पुसट जाणवलं, चेहऱ्याला कोळिष्टक लागावं तेवढं.

मग बाईंनी समजावून सांगितलं. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्यात रक्त वाहत नाही, पण नसा इतक्या दाट, की अंगात दुसरीकडे तेवढ्या सापडायच्या नाहीत. काही टोचलं तर त्या ओरडतात, आणि वरची कातडी खरवडली गेली तर ती भरून यायलाही त्यांचीच मदत लागते. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा जशा मरतात तशा याही विरळ होत जातात. मग कण गेलेला कळत नाही आणि झालेली जखम लवकर भरत नाही.

"पण पडदा तर माझा स्वच्छ आहे," असं म्हणून मी पिशवीतला कागद पुढे केला.

"तो मागचा पडदा, काका. हा पुढचा आहे."

"आमच्यात म्हणतात की डोळा मुरतो."

त्यांना तो शब्द नवा होता. मी समजावून सांगितला, लोणच्यासकट. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, थोडी सवय होत असेल, माणूस तोंड फिरवायला, डोळे बारीक करायला शिकतो. पण डोळ्याला काही लागलं तर पापणी मिटायलाच हवी. "तुमचा डोळा मुरला नाही, बधिर झालाय. आणि कणाने केलं त्याहून जास्त तुमच्या रुमालाने केलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोसमोर, मित्रासमोर, आणि मुलीच्या वयाच्या बाईंकडून ते ऐकताना माझी मान खाली गेली.

"बाकीच्यांचेही असेच काढता?" बाईंनी विचारलं.

मागून मित्र म्हणाला, "हो ना. माझाच दहा-पंधरा वेळा काढला असेल."

"तुम्हाला साखर आहे?"

"आहे की," तो म्हणाला, आणि मग तो माझ्याकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून मी घरी. उरलेला गंज बाईंनी काढला होता, डोळ्यावर पातळ लेन्स बसवली होती. इन्सुलिनची सुई सुरू झाली; जिला दोन वर्षं चुकवत होतो ती मुंगी चावल्याएवढीही लागत नव्हती. आणि थेंब. एक थेंब तासातासाला, दुसरा दिवसातून चारदा. बायकोने मोबाइलला गजर लावून ठेवले होते. गजर वाजला की ती पिठाचे हात धुऊन यायची, मी गॅलरीतल्या खुर्चीत मान मागे टाकायचो, ती पापणी ओढून थेंब सोडायची. तो पडलेला मला कळायचा नाही. गालावर ओघळला तर तेवढा लागायचा. म्हणून मी विचारायचो, "पडला का?"

"पडला," ती म्हणायची. मग मी डोळा मिटायचो. दिवसातून पंधरा-सोळा वेळा हेच. ते औषध महाग होतं आणि ती बाटली अशी धरायची की एक थेंब इकडेतिकडे जाऊ नये. एकदा माझ्या मान हलवण्याने थेंब कानात गेला तर दिवसभर बोलली नाही.

त्याच आठवड्यात मित्र माझ्या लॉकरमधलं सामान घेऊन आला. डबा, टॉवेल, आणि तळाशी चिक्कीची दोन पाकिटं, त्यातलं एक फोडलेलं. पिशवी बायकोनेच उघडली. ती पाकिटं तिने टेबलावर ठेवली आणि आत चहा टाकायला गेली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. मित्र जाईपर्यंत आम्ही तिघांनी त्या पाकिटांकडे बघायचं टाळलं.

दर चार दिवसांनी बाई जखम मोजायच्या. पहिले तीन आठवडे तिचं माप हललं नाही. साध्या माणसाचं एवढं खरचटलं तर दोन-चार दिवसांत भरतं, असं त्या म्हणाल्या होत्या. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या म्हणाल्या, "काका, आणखी दहा दिवस बघू. नाहीच भरली तर पापणीचा बाहेरचा अर्धा भाग टाके घालून बंद करावा लागेल, म्हणजे आत झाकलं राहील. जखम बरोबर नजरेच्या वाटेवर आहे. तिथे पांढरा व्रण राहिला तर या डोळ्याने बारीक काम होणार नाही."

दवाखान्यातून निघून आम्ही बसस्टॉपवर येऊन बसलो. भोसरीची बस आली आणि गेली, मी उठलोच नाही. मला भीती वाटत होती. निवृत्तीला चार वर्षं होती, पण त्याचंही एवढं नव्हतं, कंपनी कुठेतरी बसवून ठेवेल. मला आयुष्यात एकच गोष्ट नीट येते, आणि ती त्या एका डोळ्यात होती, आणि तो मी स्वतःच्या हाताने, बायकोला बघायला बोलावून, रुमालाने पुसून काढला होता. मी तिथेच बसून रडलो. माणसं बघत होती, बघू देत म्हटलं.

बायकोने पदर पुढे केला आणि एकदम थांबली.

"अहो, ह्या बी डोळ्यातनं पाणी यायलंय की."

पुढच्या खेपेला तिने बाईंना पहिला प्रश्न तोच विचारला. बाई म्हणाल्या, रडण्याचं पाणी वेगळ्या वाटेने येतं, मनातून. ते साखरेने बंद होत नाही. टोचल्याचं, झोंबल्याचं पाणी तेवढं काकांचं गेलंय. रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "मी उगीच म्हणायचे तुम्हाला, डोळ्यात पाणी नाही म्हणून." मी म्हटलं, जाऊ दे गं.

त्या दहा दिवसांत जखम कडेने भरायला लागली. इतकी हळू, की बाईसुद्धा दोनदा मोजायच्या. टाके टळले. सातव्या आठवड्यात ती पुरी मिटली आणि मधोमध एक पुसट डाग ठेवून गेली. आता उजव्या डोळ्याने बघितलं तर आंघोळीच्या वाफेने धूसर झालेल्या आरशात बघितल्यासारखं दिसतं. चालायला-फिरायला, पेपर वाचायला पुरतं. मायक्रोमीटरच्या रेघांना पुरत नाही.

कामावर गेलो तर मला टूल स्टोअरमध्ये दिलं. जाळीच्या खिडकीमागे बसायचं, लागेल ते टूल द्यायचं, संध्याकाळी परत घ्यायचं. माझा ग्राइंडर तिथून दिसत नाही, पण ऐकू येतो. नवा माणूस दगड फार जोरात टेकवतो. पहिले काही दिवस मी उठून जायचो सांगायला, आता नाही जात. माझं स्टूल त्याने टूलबॉक्स ठेवायला घेतलंय.

पहिल्याच आठवड्यात एकजण डोळा धरून खिडकीशी आला. "डॉक्टर, कण गेलाय." मी त्याचा दंड धरला आणि त्याला चालवत थेट गेटजवळच्या खोलीत नेऊन बसवला. रजिस्टरमध्ये त्याचं नाव मीच लिहिलं. डॉक्टरांनी प्रॅक्टिस बंद केली, असं त्या दिवशी टूलरूमभर झालं. होऊ दे. गॉगल मी आता गळ्यात घालत नाही, डोळ्यावर घालतो, स्टोअरमध्ये बसूनसुद्धा. त्यालाही लोक हसतात.

एक खोड मात्र नवी लागली आहे. बसमध्ये कुणी साखरेचा विषय काढला की मी विचारतो, कांदा चिरताना डोळ्यात पाणी येतं का? लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. कांदा म्हणजे काही तपासणी नव्हे, हे बाईंनी मला बजावून सांगितलंय, पण विषय काढायला बरा पडतो. मित्राला मी सोडलाच नाही. त्याच्या घरी दापोडीला गेलो, त्याच्या बायकोकडून कांदा आणि सुरी मागून घेतली आणि त्याला समोर बसवलं. दुसऱ्याच कांद्याला त्याच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. तो मला शिव्या देत होता आणि मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत एक धपका घातला. तरीही त्याला बाईंकडे धाडला. त्याच्या डोळ्यांना कापूस कळतो.

थेंब माझे अजून चालू आहेत, दिवसातून चारदा. ते बहुतेक जन्माचे. तीन महिन्यांची साखर पहिल्यांदाच धड आली आहे. नसा परत येतील का, असं मी विचारलं होतं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, सांगता येत नाही, काही थोड्या येतात, हळू येतात, साखर धरून ठेवा.

मागच्या महिन्यात, असाच एक गुरुवार. मी गॅलरीत मान मागे टाकून बसलो होतो. बायकोने पापणी ओढली. ती काहीतरी बोलत होती, गॅस सिलिंडर आला नाही वगैरे.

"पडला," मी म्हटलं.

ती बोलायची थांबली. "काय?"

"पडला ना आत्ता?"

"तुम्हाला काय कळलं?"

"गार लागलं."

तिचा विश्वास बसला नाही. तिने बाटली पुन्हा डोळ्यावर धरली, थेंब न सोडता. "आता?" मी म्हटलं, नाही. थोडं थांबून म्हणाली, "आता?" मी म्हटलं, अजून नाही. मग काही न विचारता तिने सोडला, आणि तो बुबुळावर गार टेकला, अगदी पुसट, पण टेकला, आणि माझी पापणी मला न विचारता मिटली. "आता," मी म्हटलं. तिने पुन्हा सोडला. पुन्हा पापणी मिटली.

ज्या औषधाचा एक थेंब कानात गेला म्हणून ती दिवसभर बोलली नव्हती, त्याचे दोन थेंब तिने त्या सकाळी नुसते बघायला म्हणून सोडले. मग बाटलीचं झाकण लावायला लागली, तर ते तिला नीट लागेना. मी डोळा उघडून बघितलं तर पाणी तिच्या डोळ्यांत होतं, आणि जवळपास कुठे कांदा नव्हता.